सांगावंच लागतं

शाळेतली मुलं मला ‘बोलायच्या बाई’ म्हणायची. समुपदेशक हा शब्द त्यांच्या जिभेवर बसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांच्याही नव्हता. शिपाई मला वर्षभर ‘कौन्सिलर मॅडम’ म्हणत होता, त्यामुळे एकदा एक पालक मला नगरसेविका समजून गटाराची तक्रार घेऊन माझ्याकडे आले होते.

शाळा खांदा कॉलनीच्या कडेला, मराठी माध्यमाची. अर्धी मुलं कॉलनीतल्या चाळवजा इमारतींमधली, अर्धी आसपासच्या गावांतली. त्या गावांतली काही गावं आता राहिलेली नाहीत, तिथे विमानतळ झाला, आणि माणसं आखून दिलेल्या प्लॉटवर नवी घरं बांधून राहिली. शाळेत समुपदेशक हवा असं वरून पत्र आलं म्हणून संस्थेने मला करारावर घेतलं. जिन्याखालची खोली दिली. तिला खिडकी नव्हती पण दार होतं, आणि दार लागत होतं. माझ्या कामाला तेवढं पुरेसं असतं.

प्रत्येक वर्गावर पहिल्या तासाला मी एक गोष्ट सांगायची. तुम्ही मला जे सांगाल ते मी कुणाला सांगणार नाही. पण कुणी तुम्हाला नको तसा हात लावत असेल, किंवा तुम्ही स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करणार असाल, तर मला ते सांगावंच लागतं. तो कायदा आहे, माझ्या मर्जीचा प्रश्न नाही. हे ऐकून मुलं गप्प व्हायची. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदा मागच्या बाकावर बसून हा तास ऐकत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, आधीच पोरं तोंड उघडत नाहीत, त्यात तू ही असली पाटी लावून बसतेस. मी म्हटलं, न सांगता केलं तर तो दगा होतो. 

मोठ्या बाईंबद्दल इथे नीट सांगायला हवं, कारण नंतर त्यांच्याबद्दल जे छापून आलं त्यात त्यांच्यातलं काहीच नव्हतं.

त्या माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. मूळच्या चिरनेरच्या. दरवर्षी मुलांना तिथल्या हुतात्मा स्तंभापाशी घेऊन जायच्या आणि उन्हात उभं राहून जंगल सत्याग्रहाची गोष्ट सांगायच्या, आणि ती अशी सांगायच्या की मुलं पाणी मागायचं विसरत. शाळेत मी त्यांना मॅडम म्हणायची, बाहेर ताई. रविवारी सकाळी आम्ही दोघी कधीकधी कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात जायचो. पक्षी दोघींनाही ओळखता यायचे नाहीत. चालायचं, वरच्या टपरीवर चहा घ्यायचा, परत यायचं. संस्थेला माझ्या खोलीत गणवेशांचे गठ्ठे ठेवायचे होते तेव्हा त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुलगी शाळेत यायची थांबली की त्या स्वतः तिच्या घरी जायच्या. किती मुलींची ठरलेली लग्नं त्यांनी मोडली असतील, देव जाणे. पोलीस नाही, अर्ज नाही. ओट्यावर बसायचं, आईशी बोलायचं, बापाला लाज वाटेपर्यंत उठायचं नाही. एका घरी त्या दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी दप्तर घेऊन वर्गात होती. त्यांचा त्या पद्धतीवर विश्वास होता, आणि का नसावा. आयुष्यभर ती चाललेली त्यांनी पाहिली होती.

सातवीतली एक मुलगी एका दुपारी, मधल्या सुट्टीनंतर, माझ्या खोलीत आली. विस्थापित गावातली. बाप डंपरवर ड्रायव्हर, आई लग्नाकार्यात भाकऱ्या करून द्यायची. ही पोरगी वर्गात बडबडी म्हणून प्रसिद्ध होती. त्या दिवशी तिने दार लावलं, कडी नीट बसली का ते ओढून पाहिलं, आणि उभीच राहिली.

“बाई, तुमी वर्गात बोल्लेलात ना, तसं काय असलं तर तुमाला सांगायलाच लागतं?”

मी हो म्हटलं.

“नक्की ना? कोनी नको बोलला तरी?”

“कुणी नको म्हटलं तरी.”

“मंग मी तुमाला सांगते. म्हंजे तुमी सांगाल. मना नाय जमत.”

आणि तिने सांगितलं. आमच्या कॉम्प्युटरच्या सरांबद्दल. तो शाळेचा माणूस नव्हता. संस्थेने एका कंपनीला कॉम्प्युटर लॅबचं काम दिलं होतं, त्यांचा तो माणूस. तरुण, गोड बोलणारा, गॅदरिंगची पोस्टरं फुकट करून देणारा. तास संपल्यावर कीबोर्ड झाकायला तो कुणाला तरी थांबवायचा, आणि ही बरेचदा थांबायची. तिने जे सांगितलं ते मी एकदा पोलिसांना सांगितलं आणि एकदा न्यायाधीशांना. तिसऱ्यांदा ते सांगायचा मला अधिकार नाही. ती रडली नाही. सांगून झाल्यावर तिने विचारलं, आता मी गणिताच्या तासाला जाऊ का.

लोक मला नंतर पुष्कळदा म्हणाले, त्या लहान पोरीला काय कळत होतं, तुम्ही मोठ्या होतात, जरा सबुरीने घ्यायचं. त्यांना मी कधी समजावून सांगू शकले नाही की त्या पोरीनेच मला निवडलं होतं. आईला सांगितलं तर आई गप्प बसवेल, मोठ्या बाईंना सांगितलं तर त्या आईला बोलावतील, हे तिने बरोबर ओळखलं होतं. शाळेत एकच बाई अशी होती जिला गप्प बसता येणार नव्हतं. ती हिशेबाने माझ्याकडे आली होती.

मी तशीच मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं आणि परत येऊन बसल्या. बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग, माझ्याकडे न पाहता, म्हणाल्या की हे पहिल्यांदा नाही.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीचे वडील आले होते. हा माणूस मुलीला मोबाइलवर नको ते लिहून पाठवतो, अशी त्यांची तक्रार होती. मोठ्या बाईंनी त्याला बोलावून फैलावर घेतलं. त्याने पाय धरले. मग त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला आणि हा माणूस बदला म्हणून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, वर्षाच्या मध्ये दुसरा कुठून आणायचा, तुम्ही लक्ष ठेवा, आणि हे कागदावर आणू नका, शाळेचं नाव आहे. त्या वडिलांनी मुलीचा दाखला काढून नेला. माणूस राहिला.

“मी लक्ष ठेवत होते गं,” त्या म्हणाल्या. “रोज लॅबवरून एक चक्कर मारायचे.”

हे त्यांनी मुख्याध्यापिका म्हणून सांगितलं नाही. ज्या माणसाबरोबर रविवारी चहा पितो त्या माणसाला सांगितलं. मला ते तेव्हाच कळत होतं.

मी म्हटलं, ताई, आत्ता पोलीस स्टेशनला जाऊ. त्या म्हणाल्या, उद्या. उद्या सकाळी मी तिच्या आईला बोलावते, तिच्या कानावर घालू, मग दोघी मिळून जाऊ. आईला अंधारात ठेवून पोरीला पोलिसांत न्यायचं का? एका रात्रीचाच प्रश्न होता आणि त्यात मला खोट दिसली नाही. त्यांनी माझ्यादेखत त्या कंपनीला फोन करून सांगितलं की उद्यापासून हा माणूस माझ्या फाटकाच्या आत येता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. दारातच तिला काहीतरी उमगलं असावं, कारण ती खुर्चीवर बसली नाही, खाली फरशीवर बसली. मोठ्या बाईही मग उठून तिच्याजवळ खाली बसल्या. मी भिंतीला टेकून उभी. बाईंनी तिला हळूहळू सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत गेली. मग तिने मोठ्या बाईंचे पाय धरले.

थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. दिवाळीनंतर हळद. नवऱ्याकडची माणसं तालेवार. गावात कळलं, पेपरात आलं, तर लग्न मोडेल, आणि एकदा मोडलं की धाकटीचंही कधी होणार नाही. पोरींचा बाप तर कोयता घेऊन निघेल आणि तुरुंगात जाईल. हे सगळं ती एका दमात, खालच्या आवाजात बोलत होती. पोरीची मी काळजी घेते, शाळा बदलते, मामाकडं उरणला ठेवते, पण पोलीस नको.

“बाई, तुमी आमच्या घरात आयशीच्या जागी हाव. माझा लगीन तुमीच थांबवलेलात, मी दहावी झाले ती तुमच्यामुलं. आता एवढा करा. कोनाला बोलू नका.”

ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती. मला हे ठाऊक नव्हतं. मोठ्या बाईंनी तिचे हात आपल्या हातात घेतले आणि नाही बोलणार म्हणून सांगितलं.

ती गेल्यावर त्या मला म्हणाल्या, संपलं हे. माणूस गेला, पोरगी सुटली, घर वाचलं. मी म्हटलं, माणूस गेला म्हणजे कुठे गेला? दुसऱ्या शाळेत. तिथे कोण चक्कर मारणार आहे? मी त्यांना कायदाही सांगितला. कळलं की कळवायचं, त्यात आईची परवानगी लागत नाही, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कळवलं नाही तर शिक्षा जास्त आहे. तुम्हाला होईल, ताई. अध्यक्षांना नाही होणार.

त्या हसल्या. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसल्या. म्हणाल्या, “आमच्या गावाचं नाव कायदा मोडल्यामुळेच झालंय.” मग गंभीर होऊन म्हणाल्या, “मी शब्द दिलाय. तू जा. मी तुला अडवत नाही. पण मी येत नाही.”

त्यांनी मला अडवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मला भांडता आलं असतं.

मी रिक्षा करून पोलीस स्टेशनला गेले. तिथे मला जे भेटलं ते सौजन्यच होतं, हेही सांगते, कारण या हकिकतीत मला वाईट वागवणारं फारसं कुणी नाहीच. साध्या सलवार-कमीजमधल्या एक महिला अधिकारी होत्या. त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, माझं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलल्या नाहीत. मुलीला इथे आणणार नाही, आम्ही तिच्याकडे जाऊ, वर्दीत जाणार नाही, असं आपणहून सांगितलं. मला वाटलं, झालं, अवघड ते झालं.

मग त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं, आणि त्यानंतर तुम्ही कुणाला सांगितलं. मी सांगितलं. मुख्याध्यापिका का आल्या नाहीत? मी आईचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. आणि मग, पेन हातातच ठेवून, त्यांनी विचारलं, “या माणसाबद्दल आधी काही तक्रार होती का शाळेत? मुख्याध्यापिकांना काही माहीत होतं?”

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल हरवल्याची तक्रार चालू होती. तो माणूस नंबर पुन्हा पुन्हा सांगत होता. मी तो नंबर ऐकत बसले. अधिकारी बाईंनी घाई केली नाही. नववीतल्या मुलीचा मला नाव-पत्ता काही ठाऊक नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर कुणालाही कधी कळलं नसतं. पण मी नाही म्हटलं असतं तर त्या दुसऱ्या मुलीचं जे झालं ते झालंच नाही असं होणार होतं, आणि ते पुसणारी मी असणार होते.

मी हो म्हटलं. गेल्या वर्षी, असं असं. त्यांनी स्वतः मला सांगितलं.

मुलांना मी जी अट सांगत होते ती मोठ्या माणसांनाही लागू होती. फक्त मोठ्या बाईंना ती मी चहाच्या टपरीवर कधी बोलून दाखवली नव्हती. तिथे तशी गरज असते असं कुणाला वाटेल?

तो माणूस त्याच आठवड्यात पकडला गेला. नववीतली मुलगीही सापडली, तिच्या वडिलांनी जबाब दिला. शाळेच्या फाटकावर पालक जमले, पाठोपाठ कॅमेरे आले. संस्थेने सायंकाळीच पत्रक काढलं की घडलेला प्रकार निंदनीय आहे, संस्थेला अंधारात ठेवणाऱ्या मुख्याध्यापिकेला निलंबित करण्यात येत आहे. अंधारात ठेवणाऱ्या. अध्यक्षांनी पोलिसांना सांगितलं की आपल्याला असा फोन आल्याचं आठवत नाही. फोन झाला होता हे निघालं, पण मुख्याध्यापिका आणि अध्यक्ष यांचे फोन रोजच होत असतात. फोनवर काय बोलणं झालं ते कुठेच राहत नाही. ‘कागदावर आणू नका’ असं कुणी कागदावर देत नाही. हा सगळा उजेड माझ्या डोक्यात उशिरा पडला: कळवण्याची जबाबदारी ज्याच्या खुर्चीवर पाटी असते त्याची. ज्याच्या एका फोनवर ती खुर्ची चालते त्याची नाही. कायद्यात तसं लिहिलेलं नाही, पण होतं तसंच.

आरोपपत्रात मोठ्या बाईंचं नाव त्या माणसाच्या नावाखाली होतं. एकाच कागदावर. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा वर्षही राहिलं नव्हतं.

शिक्षकखोलीत मला कुणी वाईट बोललं नाही. मी आत गेले की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची ओढायचं, इतक्या अदबीने की बसवत नसे. चित्रकलेच्या सरांनी एकदाच विचारलं, पोरीचं सांगितलंत ते ठीकच केलंत, पण बाईंचं तेवढं सांगायची काय गरज होती? त्यांना उत्तर नको होतं. मुलांनी माझ्या खोलीत यायचं बंद केलं. बोलायच्या बाईंकडे गेलं की पोलीस येतात, असं घरोघरी सांगितलं गेलं होतं. मी मुलांचं रक्षण केलं म्हणून पालकसभेत टाळ्या झाल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनीच घरी जाऊन मुलांना बजावलं की तिच्याकडे फिरकायचं नाही. मी दार उघडं टाकून बसायची. जिन्यावरून जाताना मुलं पायांचा आवाज न करता जायची.

खटला उभा राहायला वेळ लागला. माझी साक्ष व्हायच्या आधी मोठ्या बाईंच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. ती मला मावशी म्हणते. म्हणायची. ती म्हणाली, “मावशी, खोटं बोल असं मी म्हणत नाही. फक्त एवढंच म्हण, की नक्की काय म्हणाली ते आता नीट आठवत नाही. वकील म्हणतात तेवढं पुरे आहे.” मी विचारलं, आईने सांगितलंय का हे? ती रडायला लागली. आईला कळलं तर माझ्याशी बोलायची नाही, म्हणाली. मी तिला काहीच वचन दिलं नाही, आणि फोन ठेवल्यावर जेवढं आठवत होतं ते सगळं आणखी स्पष्ट आठवायला लागलं. तो चष्मा, तो पुसायचा रुमाल, ‘लक्ष ठेवत होते गं’ मधला तो गं.

मुलीची साक्ष आधी झाली. असे खटले बंद दाराआड चालतात, त्यामुळे मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर होते. शेजारी तिची आई. तोपर्यंत मुलगी नववीत गेली होती, उरणला मामाकडे राहत होती. तिला तो माणूस दिसू नये म्हणून आत पडदा लावला होता. आई बंद दाराकडे बघत होती. मग म्हणाली, “पोरीनी तुमाला सांगला. मना नाय सांगला. त्याचाच माझ्या जिवाला लागलाय.”

मी थोरलीच्या लग्नाचं विचारलं. विचारायला नको होतं, पण मला राहवलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

“लगीन झाला. चांगला झाला. त्यांना आधीच ठावं व्हता, त्यांची एक पोरगी आपल्याच शालंत होती. ते बोलले, त्यात पोरीचा काय गुन्हा. मी उगीच भ्याले, बाई. मोठ्या बाईंनी माझ्यासाठी तोंड बंद ठेवला, आनि मी उगीच भ्याले.”

तिने हे आत कोर्टातही सांगितलं, की मीच त्यांचे पाय धरले होते, शिक्षा करायची तर मला करा. कोर्टाने ते ऐकून घेतलं. त्याचा उपयोग कुठल्या रकान्यात करायचा हे कायद्याने ठरवून दिलेलं नाही.

मुलगी बाहेर आली ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उंच झाली होती. मी सगळं बरोबर सांगितलं, म्हणाली, आणि मग आईला म्हणाली, भूक लागली. त्या दोघी जिना उतरून गेल्या. या सगळ्यात एवढीच गोष्ट माझ्या हिशेबात जमेला आहे, आणि ती मी कुणालाही खोडू देणार नाही.

माझी साक्ष झाली. जे आठवत होतं ते मी सांगितलं. मोठ्या बाईंच्या वकिलांनी मला पुष्कळ फिरवलं. मुख्याध्यापिकेचं पद तुम्हाला हवं होतं का, असंही विचारलं. मोठ्या बाई आतच होत्या, आणि त्या प्रश्नाला त्यांनी मान वळवून आपल्याच वकिलाकडे जे पाहिलं ते मी पाहिलं. नंतर कोर्टाने त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी वकिलांचा सल्ला मोडून सांगितलं की हो, मला माहीत होतं, दोन्ही वेळा. अध्यक्षांच्या फोनचंही सांगितलं. पुरावा आहे का? नाही.

निकालाच्या दिवशी मी गेले. कशाला गेले ते विचारू नये. त्या माणसाला मोठी शिक्षा झाली. मोठ्या बाईंना दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कोर्टात बसून राहण्याची कैद. लोक म्हणाले, म्हणजे काहीच नाही, सुटल्याच. दार उघडलं-मिटलं की बाहेरच्या बाकावरून मला आतलं दिसत होतं. दुसरे खटले चालू झाले होते, वकील ये-जा करत होते, आणि मागच्या बाकाच्या टोकाला त्या बसल्या होत्या. पाठ ताठ, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. शाळेत प्रार्थनेला बसायच्या तशा. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले तरी त्या उठल्या नाहीत. संध्याकाळी न्यायाधीश आत गेले, शिपायाने पंखे बंद केले, आणि त्याने त्यांना हाताने खूण केली की आता जा. चाळीसच्या आसपास वर्षं त्यांनी घंटा वाजल्यावर मुलांना सोडलं होतं.

शिक्षा झाली म्हणून निवृत्तीचे कागद अडले ते अडलेच. संस्थेने त्यांचा निरोप समारंभ केला नाही. फलकावरच्या मुख्याध्यापकांच्या यादीत त्यांच्या नावापुढे सालच लिहिलेलं नाही, मधली जागा तशीच सोडली आहे.

आणि मला संस्थेने कायम केलं. अध्यक्षांनी शाल दिली. आता जिल्ह्यातल्या शाळांच्या समुपदेशकांसाठी शिबिरं होतात, तिथे ‘विद्यार्थी संरक्षण आणि समुपदेशकाची कायदेशीर जबाबदारी’ या विषयावर मला बोलावतात. अध्यक्ष कधीकधी उद्घाटनाला असतात. आमच्या शाळेने कसं धैर्य दाखवलं ते सांगतात, आणि आमच्या म्हणताना माझ्याकडे हात करतात. मी खाली मान घालून बसते. लोकांना ती नम्रता वाटते. मी बोलते ते सगळं खरं असतं. कळलं की कळवा. चौकशी तुम्ही करू नका, ते तुमचं काम नाही. आधी मुख्याध्यापकांना, मग संस्थेला, अशी उतरंड कायद्यात नाही. मुलाला आधीच सांगून ठेवा की कोणती गोष्ट तुमच्यापाशी राहणार नाही.

गेल्या खेपेला एका कोवळ्या मुलीने, नुकतीच लागली असावी नोकरीला, हात वर केला आणि विचारलं, मॅडम, आपल्या मुख्याध्यापिका चांगल्या असतील तर? बाकीचे हसले. मी म्हटलं, चांगल्या असतील तर जास्त लवकर जा. ते तिने वहीत उतरवून घेतलं. मला तिच्या हातातलं पेन काढून घ्यावंसं वाटलं.

मोठ्या बाई त्यानंतर मला एकदाच भेटल्या. वडाळे तलावाच्या कडेने संध्याकाळी लोक फिरतात, तिथे समोरून आल्या. केस पूर्ण पांढरे झालेले. दोघींनाही वळता आलं नाही. मी ताई म्हटलं. त्या थांबल्या. तब्येत विचारली, बरी आहे म्हणाल्या. मग मी जे मनात घोळवत होते ते बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांनी हात वर करून थांबवलं, वर्गात थांबवायच्या तसं.

“तुझं काही चुकलं नाही,” त्या म्हणाल्या. “हे मला तू पोलिसांत गेलीस त्याच दिवसापासून माहीत आहे. कुणी तुला बोललं तर मी त्याला हेच सांगते. पण म्हणून मी तुझ्याशी बोलावं असं कुठे आहे?”

आवाजात राग नव्हता. रागाला मी उत्तर दिलं असतं. त्यांनी हातातली भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या बाजूने, पदर लागणार नाही इतकं अंतर ठेवून, निघून गेल्या.

मी तिथल्या कट्ट्यावर बसले. एक जोडपं आलं, सरका म्हणालं, मी सरकले. अंधार पडायला लागला तेव्हा पलीकडच्या बाजूला त्या अजून चालत होत्या, सावकाश, एकट्या. त्यांची फेरी पूर्ण होऊन त्या पुन्हा माझ्यासमोर येणार हे लक्षात आलं, आणि मी उठून घरी आले.